एकवीस रेघा

औषधाच्या दुकानातल्या मुलीने रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कागदी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दुमडलं, पण ती पुढे केली नाही. हातातच धरून म्हणाली, “सर, तुमी माका वळाखलास नाय. मी दिव्या. भिकाजी परबांचां चेडू.” लिओनने वर पाहिलं. भिकाजीची मुलगी त्याला आठवत होती ती दोन वेण्यांची, खंडेनवमीला कारखान्यात पूजेसाठी आलेली, भट्टीपासून लांब उभी राहून प्रसादाचे पेढे खाणारी. ही मोठी बाई होती. “अरे, दिव्या. कशी आहेस?” तो म्हणाला, आणि आपण पुस्तकी मराठीत बोललो हे त्याच्या लक्षात आलं. भीती वाटली की त्याच्या तोंडी ती भाषा येई. दिव्या म्हणाली, “जानेवारीपासून हंयच कामाक आसंय. सर, बाबांची भट्टीवरची वही तुमच्याकडे आसा मां? ती माका नको. फक्त एक पान दाखवा. बाबांची चूक ज्या पानार झाली तां. फोटो काढून धाडलास तरी चलात.” लिओनने विचारलं, “कशासाठी?” ती पिशवीची दुमड नखाने दाबत राहिली. मग म्हणाली, “तेंका बघूचां आसा. कोल्हापूरच्या एका कारखान्यातसून बोलावणां इला, तर म्हणाले, माझी मोजणी चुकता, मी भट्टीर उभो रवाचंय नाय. आता नारळ उतरले तरी दोनदा मोजतत. आयेक सांगतत, तू एकदा मोज. चूक खंय झाली तां कळलां तर बरां वाटात तेंका. काय तां एकदा कळाक होयां मां, सर?”

तो “बघतो” म्हणाला, तिचा नंबर घेतला, पिशवी घेतली आणि बाहेर आला. दुपारचे साडेबारा झाले होते. रस्ता पांढरा पडला होता, मासळीबाजाराकडून ओल्या टोपल्यांचा वास येत होता आणि त्याची स्कूटर उन्हात इतकी तापली होती की सीटवर हात ठेवता येईना. तो स्कूटरजवळ उभा राहिला. तीन महिने तो एका गोष्टीची तयारी करून बसला होता. भिकाजी कधीतरी भेटेल, शिव्या घालेल, निदान तोंड फिरवेल. ते सोसायचं त्याने ठरवून ठेवलं होतं, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ते कितीदा सोसूनही घेतलं होतं. आणि हे काय होतं? माणूस भांडत नव्हता, मागत नव्हता. त्याने चूक मान्य केली होती आणि आता ती शोधत होता. लिओनला आठवलं ते भिकाजीचं बोट, पुढच्या पेरापासून थोडं वाकडं, भट्टीच्या झळीने नखाचा रंग गेलेलं. एकवीस वर्षांपूर्वी डिप्लोमा घेऊन तो कट्टा गावाच्या पुढच्या, लोखंड ओतण्याच्या त्या कारखान्यात पहिल्यांदा आला, तेव्हा साहेब म्हणून त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्या बोटाने भिकाजीने त्याला भट्टीत बघायला लावलं होतं. “रे लिओन, पुस्तक मिट. हंय बघ. लाल दिसता तंवसर लोखांड झोपलेलां आसा. पिवळां झालां की जागां झालां. पांढऱ्यार इलां की मगे तुझां आयकता.” लिओनच्या भुवया त्या दिवशी होरपळल्या. घरी गेल्यावर त्याचे वडील साल्वादोर, मालवणच्या शाळेत गणित शिकवणारे, त्याला म्हणाले होते की ज्याने तुला आज जवळ उभं केलं त्याला विसरू नकोस. पुढे लिओन ऑफिसात गेला, दर्जा तपासणीचा प्रमुख झाला, आणि एका सकाळी भिकाजीने आपण होऊन ‘रे’ सोडून दिला. त्या दिवसापासून तो लिओनसर झाला. त्याला ते तेव्हा आवडलं होतं. हेही आता आठवलं.

घरी बायकोने, वेनेसाने, जेवण वाढलं. सुंगटांची कढी होती. ती म्हणाली, “गोळ्यो मेळल्यो?” तो हो म्हणाला. “मगे तोंड कित्याक असां?” तो म्हणाला ऊन लागलं.  तिला काहीच माहीत नव्हतं, आणि घासाबरोबर त्याला जाणवत गेलं की हे ज्याला माहीत आहे असा या जगात तो एकटाच आहे. कारखान्याचे मालक मंगेशशेठ यांनासुद्धा पुरतं माहीत नव्हतं, कारण त्यांनी पुरतं कधी विचारलंच नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, “बघ काय तां, लिओन. हॉलंड गेलां तर आपल्याकडे काय रवता?” हॉलंड म्हणजे पाण्याच्या पाइपांचे बिडाचे जोड घेणारा तिथला खरेदीदार. कारखान्यातला दोनतृतीयांश माल त्याच्याकडे जाई, बाकीचा इथल्या बाजारात. बावन्न माणसं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं. यापुढे युरोपात येणाऱ्या लोखंडावर त्याच्या धुराचा कर बसणार होता. जोड बनवताना किती कार्बन हवेत गेला, त्या जोडात गेलेलं कच्चं लोखंड बनवताना किती गेला, सगळं मोजून कळवायचं, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा माल त्यांना महाग. स्पेनमधला एक कारखाना निव्वळ भंगारावर चालतो असं पत्रात सहज लिहिलं होतं. सहज लिहिलेलं नव्हतं ते. भंगार एकदा जळून झालेलं असतं, त्याच्या नावावर धूर धरत नाहीत. पण मंगेशशेठच्या भट्टीत भंगाराबरोबर पिगही पडे. पिग म्हणजे खनिज कोळशावर जाळून काढलेलं कच्चं लोखंड, दहा-दहा किलोच्या लाद्या. त्याच्या प्रत्येक लादीमागे तिच्या दुपटीहून जास्त वजनाचा धूर.

पिग कमी करायचा त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. भंगारासाठी मंगेशशेठनी सावंतवाडीपासून वास्कोपर्यंत माणसं लावली. ट्रक येऊ लागले. ट्रॉलरांची फुटकी इंजिनं, पिठाच्या चक्क्यांचे पाय, शिवणयंत्रांचे सांगाडे, कुठल्या तरी बंद पडलेल्या भातगिरणीची चाकं. भिकाजी त्या ढिगासमोर उकिडवा बसे आणि एकेक तुकडा हातोडीने वाजवून बघे. “ह्याच्यात जस्त आसा. ह्येका रंग आसा. ह्यां पायप दोनी तोंडांनी बंद आसा, भट्टीत पडलां तर आमका सगळ्यांका घेऊन जायत.” निम्मं तो बाजूला काढी. उरलेल्यावर ओतलेले जोड ठिसूळ निघत, पाण्याचा दाब दिला की केसासारखी चीर जाई. तीन आठवडे असे माल फुकट गेल्यावर पुन्हा पिग पडू लागला, पूर्वीइतकाच. एका वेळी वितळवायच्या पाचशे किलोच्या एका वितळीत एकवीस लाद्या, म्हणजे शेकडा बेचाळीस. भिकाजी प्रत्येक लादीला वहीत एक रेघ मारी आणि भंगाराच्या टोपलीला एक गोल काढी. सातवी शिकलेला माणूस. पानावर वर ‘श्री’, तारीख, आणि खाली रेघा. पाच पाचाचे गठ्ठे, शेवटी एक सुटी.

हॉलंडला आकडे कळवायचा फॉर्म लिओनने भरला. संगणकावरचा तक्ता होता, पिगचं शेकडा प्रमाण एका चौकोनात टाकलं की शेवटचा आकडा आपोआप होई आणि त्याच्या मागचा रंग बदले. त्याने बेचाळीस टाकलं. रंग लाल झाला. खरंच त्याने आधी बेचाळीसच टाकलं होतं, या एका गोष्टीला तो पुढे पुष्कळ दिवस धरून राहिला. मग नुसतं बघायला म्हणून तीस टाकलं. वीस टाकलं तेव्हा नारिंगी झाला. बाराला हिरवा. खोलीत पंखा फिरत होता, खिडकीतून साच्यांच्या जळक्या वाळूचा वास येत होता, खाली बायका जोडांची तोंडं घासत हसत होत्या. शर्मिला नावाची एक होती, तिचं हसणं सगळ्यांत वर येई. तो हिरव्या चौकोनाकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, आपण या बायकांसाठी करतोय. पिगची बिलं कोणी मागितलीच तर सांगता येईल, तो पिग इथल्या बाजाराच्या मालात जातो, हॉलंडच्या नाही. कोणत्या वितळीत काय पडलं हे वहीशिवाय कुठेच नव्हतं, आणि ती वही कोण बघणार? पुढचे पाच तिमाही फॉर्म त्याने बारावरच भरले. पहिल्यांदा हात थांबला होता. नंतर थांबेनासा झाला. त्या न थांबण्याचीच त्याला आता जास्त लाज वाटत होती.

नोव्हेंबरात हॉलंडने पाठवलेला तपासनीस आला. जानेवारीपासून कर खरोखरीचा लागणार, तेव्हा त्याआधी सगळं पडताळायचं होतं. पुण्याचा माणूस, शांत, चहा न घेणारा. ऑफिसातले कागद त्याने दोन तासांत संपवले आणि म्हणाला, जरा भट्टी बघू. तिथे खिळ्याला सुतळीने वही टांगलेली होती. त्याने ती उघडली. मंगेशशेठ, लिओन, भिकाजी असे तिघे उभे होते. हॉलंडच्याच मालाची वितळ होती ती, तारखेसकट. तपासनिसाने रेघा मोजल्या. “एक रेघ म्हणजे किती किलो?” भिकाजी अभिमानाने म्हणाला, “धा किलो. कधी नऊ, कधी अकरा. पण धा धरूक हरकत नाय.” तपासनिसाने मान वर केली. तेवढ्यात लिओन बोलला. तो विचार करून बोलला नाही, हेही त्याने स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं होतं, पण वाक्यं इतकी नीट आली होती की ती कुठेतरी आधीच तयार असली पाहिजेत. “त्याचं असं आहे, आमच्याच कास्टिंगचे उरलेले तुकडे पुन्हा वितळवतो ना आम्ही, त्यांनाही ते रेघच मारतात. ते फारसे शिकलेले नाहीत. त्यांची गफलत होते.” उरलेल्या तुकड्यांनाही धूर धरत नाहीत. एका वाक्यात एकविसातल्या पंधरा रेघा पुसल्या गेल्या. तपासनिसाने भिकाजीला विचारलं, “असं होतं का?” भिकाजीने लिओनकडे पाहिलं. लिओन वहीकडे बघत होता. भट्टीचा गुणगुणणारा आवाज चालू होता. भिकाजी म्हणाला, “सर म्हणतत तर... झाली आसात चूक.”

अहवालात आलं, नोंदी विश्वसनीय नाहीत. सुधारणा केल्यास खरेदी चालू राहील. सुधारणेच्या तक्त्यात दोन रकाने होते, त्रुटी आणि कारवाई. मंगेशशेठ म्हणाले, “कोणाक तरी दाखवूक होयां, लिओन. नायतर तेंका पटाचां नाय. भिकाजी अठ्ठावनचो झालो. दोन वर्षां हंय काय नि थंय काय.” कारवाईच्या रकान्यात लिओनने स्वतः टाइप केलं: छापील नोंदपुस्तक सुरू केले, संबंधित कामगारास कमी केले. भिकाजी शेवटच्या दिवशी ऑफिसात आला होता. चपला दाराबाहेर काढून. तो म्हणाला, “सर, माझ्यामुळे तुमका खाली मान घालूक लागली त्या मानसासमोर. मनात धरू नकात.” लिओनने काय उत्तर दिलं ते त्याला आठवत नव्हतं. काहीतरी पुस्तकी. नाताळच्या आधी तो चर्चमध्ये कबुलीला गुडघे टेकून बसला. जाळीपलीकडे म्हातारे फादर होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, मी खोटं बोललो. फादरांनी विचारलं, “कोणाचां नुकसान झालां?” आणि तो म्हणाला, “नाही.” कोणाचंच नाही. लहानपणापासून त्या जाळीपाशी तो खरं बोलत आला होता. चिंचा चोरल्याचं, वडिलांवर रागावल्याचं, सगळं. फादरांनी तीन प्रार्थना सांगितल्या. त्याने म्हटल्या, आणि उठताना त्याला वाटलं की गुडघ्यांना काहीच लागलं नाही.

सोमवारी कारखान्यात गेल्यावर त्याने लोखंडी कपाट उघडून वही काढली. भिकाजी गेल्यानंतर ती त्याने इथे कोंडून ठेवली होती. का, हे स्वतःला विचारलं नव्हतं. पानांच्या कोपऱ्यांवर काळे अंगठे. तो पानं उलटत गेला. त्याला आशा होती, आणि त्या आशेची घाण त्याला जाणवत होती, की एखाद्या पानावर खरोखरच चूक सापडेल. एखादी वीस, एखादी बावीस, काहीतरी गिजबिजलेलं. दोन तास तो बघत होता. एकाच ठिकाणी, ऑगस्टच्या एका पानावर, पावसाचं किंवा घामाचं पाणी पडून रेघा फुटल्या होत्या, अठरा की एकवीस सांगता येत नव्हतं. त्याने त्या पानाचा फोटो काढला. पाण्याच्या डागाभोवती फोनवर बोटाने लाल गोल काढला आणि दिव्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘या ठिकाणी गफलत झाली असावी. कोणाच्याही हातून होऊ शकते. बाबांना सांग, मनाला लावून घेऊ नका.’ पाठवल्यावर त्याला हलकं वाटलं. दुपारी तो डबा पुरता जेवला. संध्याकाळी घरी येताना त्याने वेनेसासाठी काकडीचं धोंडस घेतलं. चार दिवस तो बरा होता, आणि त्या चार दिवसांबद्दल तो पुढे कधीच स्वतःला माफ करू शकला नाही.

शनिवारी सकाळी दिव्याचा निरोप आला. ‘सर, बाबांना पान दाखवलं. खूप वेळ बघत होते. म्हणाले, हो, त्या दिवशी माझे डोळे दुखत होते. आता बरं वाटतंय त्यांना. रात्री नीट जेवले. ते सोमवारी कारखान्यात येणार आहेत, तुमची माफी मागायला. तुम्ही असाल ना?’ लिओन अंगणात नळाखाली स्कूटर धूत होता. त्याने फोन पालथा सिमेंटवर ठेवला. पाणी चाकावरून वाहत राहिलं. हो, त्या दिवशी माझे डोळे दुखत होते. त्या माणसाने एका डागाला आपलं आठवणीतलं दुखणं जोडून दिलं होतं. लिओनने दिलेल्या खोट्यात जी जागा रिकामी होती ती त्याने स्वतःच्या हाताने भरली होती, नीट, वाळूचा साचा भरावा तशी. आणि आता तो चपला बाहेर काढून आत येणार, आणि आपण खुर्चीवरून उठून म्हणणार, असू द्या काका.  वेनेसा दारात येऊन म्हणाली, “नळ बंद कर रे, टाकी रिकामी होतली.” त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, “वेनेसा, माका तुका कायतरी सांगूचां आसा.” तिथेच, ओल्या हातांनी, पायरीवर बसून त्याने तिला सगळं सांगितलं.  शेवटी तिने विचारलं, “बावन्न मानसां म्हणतस, तेंच्यात भिकाजी धरून की सोडून?” तो म्हणाला, “आता एकावन्न.” ती उठून आत गेली. जरा वेळाने आतून म्हणाली, “उद्या मिसाक नको येव. मसुऱ्याक भिकाजीकडे जा.”

रविवारी तो मसुऱ्याला गेला तेव्हा भिकाजी मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, सावलीत फाटक्या गोणत्यावर काजू वेगळे करत बसला होता, बोंडं एका बाजूला, बिया एका बाजूला. अंगात बनियन, दोन्ही हातांवर जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग. लिओनला बघून तो गडबडीने उठला. “सर, तुमी कित्याक इलास? मी येय होतंय मां उद्या. दिव्या, खुर्ची हाड.” लिओन खुर्चीवर बसला नाही. गोणत्याच्या कडेला खाली बसला, वही दोघांच्या मध्ये ठेवली. तो मनात ठरवून आला होता की एकही पुस्तकी शब्द वापरायचा नाही. “काका, त्या पानार चूक नाय.” भिकाजी म्हणाला, “मगे खंयच्या पानार?” लिओन म्हणाला, “खंयच्याच नाय. तुमची एकय रेघ चुकाक नाय. तो फॉर्म मी खोटो भरलंय. बेचाळीसचां बारा केलंय. त्या मानसासमोर तुमचां नाव मी मुद्दाम घेतलंय, माका वाचवूक. आणि तां पान धाडलंय तांय खोटां. थंय नुसतां पाणी पडलेलां.” बोंडांवर चिलटं घोंघावत होती. दिव्या खुर्ची घेऊन आली होती, ती खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली. भिकाजीने हातातली बी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि बियांच्या ढिगात टाकली. तो म्हणाला, “मी डोळ्यांचां म्हटलंय. डोळे दुखत होते म्हणान.” आणि मग, “तां मी कशाक म्हटलंय?” त्याने हे लिओनला विचारलं नव्हतं.

लिओनला वाटत होतं की आता तो ओरडेल. त्याने ओरडावं असं लिओनला फार वाटत होतं. भिकाजी म्हणाला, “लिवन दी.” लिओनने विचारलं, “काय?” “आता बोललंस तां. हंय, वहीत. शेवटच्या पानार. खाली सही.”  तोंडाने बोललेलं हवेत जातं. हे लिहिलं की उद्या कोणाच्याही हातात पडेल, आणि हॉलंड गेलं तर शर्मिला, साचेवाले, सगळे. हे मनात आलं तेव्हाच त्याला कळलं की ते पुन्हा येऊन आपल्यापुढे उभे राहिलेत, आपणच सबब म्हणून बोलावल्यामुळे. दिव्याने आतून पेन आणलं. त्याने लिहिलं: या वहीतील सर्व नोंदी बरोबर आहेत. फॉर्ममधील आकडे माझ्या चुकीमुळे वेगळे गेले. भिकाजींचा त्यात काही दोष नाही. सही केली. भिकाजीने वही घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं. “चूक?” तो म्हणाला.  “चूक माका म्हायत आसा. तीन महिने मी तिच्याबरोबर ऱ्हवलंय. चूक मानसाच्या हातसून होता, तेका कळना नाय. ह्यां चूक न्हय रे.” त्याने वही परत दिली. लिओनने ‘चुकीमुळे’ खोडलं. पेन इतकं दाबलं की खोडलेली रेघ कागदातून आरपार गेली. वर लिहिलं, ‘खोटेपणामुळे’. भिकाजीने पुन्हा वाचलं, मान हलवली, वही मिटून मांडीखाली ठेवली. “आता तू जा. माका कामार बोलवशीत तर मी येवचंय नाय. दिव्या, तेका फाटकापर्यंत सोड, कुत्रो आसा.” फाटकापाशी दिव्या म्हणाली, “सर, परत औषधां घेवक दुसऱ्या दुकानात जावा,” आणि फाटक लावून घेतलं.

सोमवारी त्याने मंगेशशेठना सांगितलं. भिकाजी उद्या कोणाला वही दाखवील की नाही हे त्याला माहीत नव्हतं, पण तो म्हणाला की मला खरा आकडा कळवायचा आहे, मागचे सगळे फॉर्म दुरुस्त करून, भट्टीवरच्या नोंदी बरोबर होत्या हे लिहून. शेठनी पेपरवेट फिरवला. “खोटां लिवताना माका विचारलंस?” ते म्हणाले. “नाही.” “मगे खरां लिवताना कित्याक विचारतस?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि लिओनला पहिल्यांदा कळलं की त्यांनी पुरतं विचारलं नव्हतं ते काही बावळटपणाने नव्हे. त्याने बेचाळीस टाकलं. सगळ्या फॉर्मांत. चौकोन एकामागून एक लाल होत गेले.

हॉलंडचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. पत्र सभ्य होतं. मोठ्या मापाचे जोड यापुढे स्पेनमधून घेतले जातील. लहान मापांची खरेदी तूर्त चालू राहील, प्रत्येक तिमाहीला पडताळणी करून. आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. मंगेशशेठनी ते दोनदा वाचून घेतलं, मराठीत करून सांगायला लावलं. मग म्हणाले, “मोठी मापां गेली म्हणजे चवदा मानसां. नावां तू काढ.” लिओन आपल्या टेबलावर गेला, कोरा कागद घेतला आणि सगळ्यात वर आपलं नाव लिहिलं. त्याला त्यात काही मोठं वाटलं नाही, उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एक सोपी गोष्ट करायला मिळाली असं वाटलं. खाली बाकीची तेरा नावं लिहायला त्याला दुपार लागली. प्रत्येक नावाला चेहरा होता, काहींना मुलं होती, शर्मिलाचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. कागद नेऊन दिला. शेठनी चष्मा लावला, पहिलं नाव वाचलं आणि त्यावर आडवी रेघ ओढली. “शेठ,” लिओन म्हणाला, “माका ऱ्हवाचां नाय.” शेठनी कागद त्याच्याकडे सरकवला. “दर तीन महिन्यांनी तो फॉर्म कोण भरतलो, लिओन? त्या रकान्यांचां काय कळता तां हंय फक्त तुका. तू गेलस तर उरलेलीय जातली.” ते चष्मा पुसू लागले. “चवदा म्हटलंय मी. हे तेरा झाले. अजून एक नाव घाल.”

खाली साचे भरण्याचा आवाज चालू होता. लिओन कागद घेऊन खिडकीपाशी गेला आणि, कोणी वर बघत नाही ना याची खात्री करून, एकेका माणसाकडे पाहू लागला.